गेमची नाती : सख्खी, चुलत आणि मानलेली



पाचवीला परिसर अभ्यासात वर्गीकरण शिकवताना दरवर्षी एक प्रश्न हमखास चुकतो. वटवाघूळ कोणत्या गटात? निम्मा वर्ग 'पक्षी' लिहितो. पंख आहेत, उडतं, म्हणजे पक्षीच! दिसणं वेगळं आणि नातं वेगळं, हे कितीही समजावलं तरी मुलांच्या डोक्यात उतरत नाही. म्हणून यंदा प्राणी बाजूला ठेवले आणि मुलांना म्हटलं, तुम्हाला माहीत असलेले मोबाइल गेम चिठ्ठ्यांवर लिहा आणि त्यांची कुटुंबं करा.

पहिल्यांदा मुलांनी काय केलं? मारामारीचे गेम एका ढिगात, पळायचे दुसऱ्यात, 'डोक्याचे' तिसऱ्यात. वाईट नाही, पण हे वर्गीकरण दिसण्यावरून झालं. मग मी विचारलं, "यातला आधी कोण जन्मला? कोणी कोणाकडून काय घेतलं?" तिथून खरी मजा आली.

साप घ्या. आपल्या पिढीने नोकियाच्या फोनवर जो साप वाढवला तो १९९७ चा. पण त्याचा पूर्वज १९७६ चा 'ब्लॉकेड' नावाचा, दोघांनी मिळून खेळायचा यंत्रावरचा गेम. मागे लांबत जाणारी रेघ, तिला धडकलात की संपलं. नियम तोच, फक्त रेघेचा साप झाला. हे सरळ वंशातलं नातं.

आता कँडी क्रश आणि टेट्रिस. मुलांनी दोघांना शेजारी ठेवलं, कारण दोन्हीत वरून रंगीत तुकडे पडतात. पण टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी केला, तो पाच चौकोनांचे तुकडे जुळवायच्या लाकडी कोड्यावरून. कँडी क्रशची (२०१२) वाट वेगळी. त्याच्या आधी २००१ चा बिजूएल्ड, त्याच्याही आधी १९९४ चा 'शारिकी' हा रशियन गेम. शेजारच्या दोन गोष्टींची अदलाबदल करा, तीन सारख्या जुळवा, ही चाल तिथून आली. म्हणजे टेट्रिस आणि कँडी क्रश फार तर मानलेले भाऊ. वटवाघूळ आणि चिमणी!

लुडो किंगचं मुलांना फार नवल वाटलं. तो २०१६ चा, आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा. लुडो हा खेळ मात्र १८९६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पेटंट झालेला, आणि त्याचं मूळ पुन्हा आपल्याकडच्या पचिसीत. कवड्या जाऊन फासा आला, फासा जाऊन स्क्रीन आली. एका मुलीने घरी विचारलं तर आजीने पटावरच्या कवड्यांचं दान कसं मोजायचं ते सांगितलं. माझ्या पाठटाचणात हे नव्हतंच.

अडचण आली ती पबजीपाशी. याचा बाप कोण? 'आर्मा २' नावाचा युद्धाचा गेम होता. त्यात बदल करून कोणीतरी 'डे-झी' हा झाँबींचा गेम बनवला. ब्रेंडन ग्रीन यांनी त्यातही बदल करून 'शेवटी एकच उरेल' हा नियम आणला. ती कल्पना २००० सालच्या 'बॅटल रॉयल' या जपानी सिनेमावरून. तिथून २०१७ मध्ये पबजी आला. त्याच वर्षी फोर्टनाइटनेही हीच पद्धत घेतली आणि फ्री फायरही आला. म्हणजे शरीर एका गेमचं, नियम सिनेमाचा. प्राण्यांत असं सहसा होत नाही, भाषेत होतं. मराठी आणि कोकणी बहिणी, पण बटाटा आणि पाव हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. म्हणून मराठी काही पोर्तुगीजची मुलगी होत नाही. गेमचं झाड काढायचं तर काही फांद्या दुसऱ्या फांदीला चिकटलेल्या दाखवाव्या लागतात. मी फळ्यावर काढलं ते शेवटी जाळ्यासारखंच दिसत होतं.

हे मला सांगितलं कोणी? वटवाघळाला पक्षी लिहिणाऱ्या मुलानेच. टेंपल रन आणि मारिओ एकत्र ठेवायला तो तयार नव्हता. म्हणाला, "बाई, मारिओत आपण थांबू शकतो. टेंपल रनमध्ये थांबताच येत नाही. ते सख्खे नाहीत, चुलत आहेत." अगदी बरोबर! न थांबता पळायची पद्धत २००९ च्या 'कॅनाबाल्ट'ने लोकप्रिय केली, टेंपल रन २०११ चा, सबवे सर्फर्स २०१२ चा. १९८५ चा सुपर मारिओ त्यांचा लांबचा पूर्वज. चाचणीत या मुलाला वर्गीकरणाच्या प्रश्नात मी शून्य दिलं होतं. कारण लिहायला जागाच नव्हती त्या प्रश्नात, नुसती जोड्या लावा. पुढच्या चाचणीत 'असं का?' ही एक ओळ वाढवली आहे.

पालकसभेत तक्ता भिंतीवर होता. एका आईने विचारलं, "बाई, हे सगळं ठीक, पण यातले पैसे मागणारे कोणते?" मला उत्तर द्यावं लागलं नाही. मुलांनीच लाल टिकल्या लावल्या. कँडी क्रशला एक, कारण पाच 'जीव' संपले की वाट बघा नाहीतर विकत घ्या. फ्री फायरला एक, हिऱ्यांसाठी. दिसायला एक गोड, एक बंदुकीचा, आणि टिकली सारखीच. नोकियाच्या सापाला टिकली नव्हती. ती आई बराच वेळ त्या सापापाशी उभी होती. नंतर तिने मुलाला विचारलं, "हा अजून मिळतो का रे?"