ऑरिजेनच्या तोंडी कुणाचे शब्द?

(लेखांक ६)

‘बायबलमध्ये पुनर्जन्म होता, इसवी सन ५५३ च्या धर्मसभेने तो काढून टाकला,’ असे ठासून सांगणारे वक्ते आपल्याकडेही भेटतात. साक्षीला उभा करतात तो अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन. त्याचे चरित्र गेल्या आठवड्यात पाहिले. हा दावा मात्र फार वेळ खाणारा नाही. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे पुन्हा जन्मलेला एलीया का, हा प्रश्न मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात ऑरिजेननेच घेतला आणि जीव एका देहातून दुसऱ्यात जातो ही कल्पना तिथे साफ नाकारली.

देहाआधी जीव होते का आणि शेवटी सगळ्यांचेच तारण होणार का, हे खरे वादाचे मुद्दे. ते ज्या ‘पेरी आर्खोन’ ग्रंथात आहेत, तो मूळ ग्रीकमध्ये सलग उरलेलाच नाही. हाती आहे तो रुफिनसचा ३९८ च्या सुमाराचा लॅटिन अनुवाद. आणि हा गृहस्थ प्रस्तावनेतच सांगून टाकतो, की खटकणारा मजकूर कुणीतरी घुसडलेला समजून मी गाळला किंवा सुधारला! उलट बाजूला सम्राट जस्टिनियनने ५४३ सालच्या आपल्या निषेधपत्राला जोडलेले ग्रीक उतारे. तेही आरोप सिद्ध करायला वेचलेले.

१९१३ साली पाउल कोएत्शाऊ या जर्मन संपादकाने रुफिनसवर अविश्वास दाखवून विरोधकांकडचे उतारे थेट ग्रंथात बसवले. बटरवर्थचे १९३६ चे इंग्रजी भाषांतर याच आवृत्तीवरून झाले. म्हणजे कित्येक वर्षे इंग्रजी वाचक ऑरिजेन म्हणून फिर्यादीचे कागदही वाचत होते. जॉन बेअर यांनी २०१७ च्या आवृत्तीत ते उतारे बाजूला काढले, हे मला योग्य वाटते. रुफिनसची कात्री विसरली नाही म्हणजे झाले.

फरक किती पडतो पाहा. ग्रीकमध्ये जीवाला ‘प्सुखे’ आणि थंडला ‘प्सुख्रोस’. ईश्वरप्रेमाची धग निवाली म्हणून तर ‘जीव’ हे नाव पडले नसेल, असे ऑरिजेन विचारतो आणि हे चर्चेसाठी मांडले आहे, सिद्धांत म्हणून नव्हे, अशी पुस्तीही रुफिनसच्या अनुवादात आहे. जस्टिनियनच्या निषेधपत्रात तेच ठाम मत होऊन येते.

सर्वांच्या तारणावरून तर आजही जुंपलेली आहे. इलारिया रामेल्ली यांनी २०१३ साली ऑरिजेनची बाजू घेतली, मायकेल मॅक्क्लायमंड यांनी २०१८ साली दोन खंड लिहून तिला विरोध केला. सैतानाचेही तारण होईल असे मी म्हटल्याचे लोक सांगतात, पण वेडासुद्धा असे बोलणार नाही, अशी तक्रार ऑरिजेनने हयातीतच अलेक्झांड्रियातल्या मित्रांना पत्रातून केली होती. ते पत्रही आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते रुफिनस आणि जेरोम यांच्या लॅटिनमधून, तुकड्यातुकड्यांनी.

पुढच्या आठवड्यात, म्यूनिकच्या ग्रंथालयात २०१२ साली सापडलेली त्याची ग्रीक प्रवचने.