विश्लेषण : दुष्काळामुळे पक्ष्यांची चोच कशी बदलली?

उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचा खेळ, असे आपण शाळेत शिकतो. पण प्रशांत महासागरातील एका बेटावर तो अवघ्या दोन वर्षांत फूटपट्टीने मोजता आला.

हे बेट कुठे आहे?
इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किमीवर गॅलापागोस द्वीपसमूह आहे. चार्ल्स डार्विनने १८३५ मध्ये त्याला भेट दिली होती. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एकाच पूर्वजापासून इथे फिंच पक्ष्यांच्या डझनाहून अधिक प्रजाती तयार झाल्या. याच समूहातील डॅफ्ने मेजर या चिमुकल्या, निर्जन बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दाम्पत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली.

१९७७ मध्ये काय घडले?
पाऊस जवळपास पडलाच नाही. लहान, मऊ बिया संपल्या. उरली ती सराट्याच्या जातकुळीतील वनस्पतीची टणक, काटेरी फळे. पायात सराटा मोडलेल्या कुणालाही तो टणकपणा वेगळा सांगायला नको! ही फळे जाड चोचीलाच फुटत. मध्यम भूफिंच या प्रजातीचे जवळपास ८५ टक्के पक्षी गेले. जे वाचले त्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर अधिक जाड होती. पिल्लांनाही तशीच चोच मिळाली.

म्हणजे पक्ष्यांनी चोच वाढवली?
नाही. जाड आणि बारीक, दोन्ही चोचींचे पक्षी आधीपासून होते. दुष्काळाने फक्त निवड केली. १९८३ मध्ये एल निनोमुळे धो-धो पाऊस झाला, लहान बियांचे अमाप पीक आले आणि त्यानंतर पारडे लहान चोचींकडे झुकले.

मग नवी प्रजाती कशी बनते?
प्रत्येक बेटावरचे खाद्य वेगळे, त्यामुळे निवडही वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिलेल्या पक्ष्यांची चोच आणि गाणे बदलते. पुढे समोरासमोर आले तरी ते सहसा जोडी जमवत नाहीत.

आज चिंता कशाची?
माणसांबरोबर आलेल्या एका परोपजीवी माशीच्या अळ्या घरट्यातील पिल्लांचे रक्त शोषतात. खारफुटीत राहणारे फिंच तर आता सुमारे १०० च उरले आहेत. निवडीसाठी मुळात निवडायला पुरेसे पक्षी लागतात. ते उरले नाहीत, तर निसर्ग निवडणार कुणाला?