अलैंगिक प्रजनन : बेण्यातून गुण येतात, तसे रोगही

युग्मकांच्या मीलनाविना, एकाच जनकापासून नवा जीव निर्माण होणे म्हणजे अलैंगिक प्रजनन. अशी संतती सामान्यतः जनकाची जनुकीय प्रतिकृती असते. शेतीतील लाभ आणि धोका हे दोन्ही याच वैशिष्ट्यातून उद्भवतात.

प्रमुख प्रकार

• द्विविभाजन : एका पेशीच्या दोन पेशी होतात. उपयुक्त रायझोबियम जीवाणू असे वाढतात, तसाच डाळिंबावरील तेल्या रोगाचा जीवाणूही.
• कलिकायन : यीस्टच्या पेशीवर कळी येऊन ती विलग होते.
• बीजाणूनिर्मिती : गव्हावरील तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात.
• खंडीभवन : भातखाचरातील अझोलाचे तुकडे स्वतंत्रपणे वाढतात.
• अनिषेकजनन : माव्याची मादी नराविना पिल्लांना जन्म देते, त्यामुळे अनुकूल हवामानात प्रादुर्भाव झपाट्याने वाढतो.
• शाकीय प्रजनन : उसाची कांडी, केळीचे मुनवे, हळद व आल्याचे कंद, बटाट्याचे डोळे यांपासून नवे रोप तयार होते.

समरूपतेचा धोका

उसाचा नवा वाण संकरातून, म्हणजे लैंगिक प्रजननातून घडतो. त्याचा प्रसार मात्र कांड्यांनी होतो. म्हणूनच उत्तम वाणाचे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. परंतु सर्व रोपे समरूप असल्याने एका रोपाला बाधणारा रोग सर्वांनाच बाधू शकतो. उत्तर प्रदेशात उत्पादन व साखर उतारा वाढविणारा को 0238 हा वाण फार मोठ्या क्षेत्रावर पसरला आणि पुढे लाल कूज रोगास बळी पडला. या रोगाची बुरशी बाधित बेण्यातूनही नव्या शेतात जाते.

केळीतील पर्णगुच्छ रोगाचा विषाणू बाधित मुनव्यांतून व माव्यामार्फत पसरतो. ऊतीसंवर्धन हेही अलैंगिक प्रजननच आहे. मातृवृक्ष विषाणूग्रस्त असल्यास त्यापासूनची रोपेही बाधित निघू शकतात.

घ्यावयाची काळजी

• बेणे खोडव्यातून न घेता स्वतंत्र, निरोगी बेणेमळ्यातून घ्यावे.
• कांडी उभी चिरून पाहावी; आतील भाग लालसर व त्यावर आडवे पांढरे पट्टे दिसल्यास ते बेणे वापरू नये.
• शक्य तेथे बेण्यास उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया करावी.
• केळीची रोपे विषाणूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र पाहूनच खरेदी करावीत.
• संपूर्ण क्षेत्र एकाच वाणाखाली आणू नये.

बेण्याची निवड म्हणजे पुढील पिकाच्या आरोग्याचीच निवड होय.