ग्रहण: वर्गातले आणि घरातले

गुरुजी वर्गात कंदील आणि दोन चेंडू घेऊन दाखवतात, चंद्राची सावली पृथ्वीवर पडली की सूर्यग्रहण. पोर घरी येते, तर आजी म्हणते, राहूने सूर्य गिळला. त्याने कोणाचे खरे मानावे?

खुंटीवरचे पंचांग काढा. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष त्यात मिनिटासह आधीच छापलेला असतो. ते गणितच आहे. ग्रहण सावलीमुळे लागते हे आर्यभटाने इ. स. 499 मध्ये लिहिले. गुरुजी काही परके शिकवीत नाहीत.

आजींनी खुशाल स्नान करावे, जप करावा. पण पोटुशी सुनेला वेध लागल्यापासून अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवू नका. विळी धरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही. वेधात गरोदर बाईला सवलत तर पंचांगच देते. आपण तेवढेच वाचत नाही!

2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. उघड्या डोळ्यांनी किंवा काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे पाहू नका. डोळ्याचा पडदा भाजतो. पाऊस उघडला तर अंगणात पिठाची चाळणी धरा. जमिनीवर ग्रासलेल्या सूर्याचे कवडसे पडतील. चाळणी आजींच्याच हाती द्या, पोरे भोवती जमतील.