संपादक नसतो तेव्हा

मार्च १८४८. मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं छापून यायला लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि कंपनी सरकारच्या नोकरीत होते. १८५० पर्यंत त्यांनी १०८ पत्रं लिहिली. शिक्षण, व्यापार, विधवांचे हाल, भटभिक्षुकांचं अज्ञान, राज्य का गेलं याची कारणं, असे विषय. एका पत्रात एकच मुद्दा, मजकूर आटोपशीर, भाषा बाजारातल्या माणसालाही कळेल अशी. पुढे ही पत्रं ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली आणि आजही महाविद्यालयांत अभ्यासली जातात.

आज इंटरनेटवर नेमाने लेख लिहिणारा माणूस याहून वेगळं काही करत नाही. आटोपशीर मजकूर, एक विषय, ठरलेला वार, ओळखीपाळखी नसलेला वाचक. फरक मधल्या माणसाचा आहे. देशमुखांचं पत्र आणि वाचक यांच्यामध्ये ‘प्रभाकर’चे संपादक भाऊ महाजन होते. आता मोबाइलवर लिहिलेला मजकूर पाच मिनिटांत जगापुढे जातो आणि वाटेत तो कोणीही वाचलेला नसतो. संपादक गेला, पण त्याची कामं कुठेच गेली नाहीत. तारीख पाळायची, विषय निवडायचा, फापटपसारा कापायचा, नावं-आकडे तपासायचे, वाचकापर्यंत पोचवायचं, जुने अंक जपून ठेवायचे. ही सगळी कामं आता लिहिणाऱ्याच्याच गळ्यात आहेत. वर्षानुवर्षं नेटवर टिकलेल्या लेखकांकडे पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते: लेखणी चांगली चालते म्हणून यापेक्षा, ही बिनबोभाट कामं त्यांनी अंगावर घेतली म्हणून ते टिकले.

पहिलं काम तारखेचं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केलं तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले आणि त्यांतला बहुतेक मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. एखादा विषय एका अंकात संपला नाही, तर तो पुढच्या अंकात चालू राहायचा. इंग्रज लेखक डॉ. जॉन्सन यांच्यावरचं लेखन असंच अंकामागून अंक चाललं. यातली सोय नवख्या लेखकांच्या लवकर लक्षात येत नाही. सगळं एकाच लेखात कोंबायची गरज नसते. पुढचा अंक आहे, ही खात्री असली की मुद्दा पुरता मांडता येतो आणि पुढच्या वेळी काय लिहायचं हा प्रश्नही अर्धा सुटतो.

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, मूळच्या बल्गेरियन मारिया पोपोवा यांनी २००६ मध्ये कार्यालयातल्या सात सहकाऱ्यांना आठवड्यातून एकदा ई-मेल पाठवायला सुरुवात केली. त्यात वाचलेल्या-पाहिलेल्या चांगल्या गोष्टींची थोडक्यात ओळख असे. सात माणसांपासून सुरू झालेलं हे लेखन पुढे जगभर पोचलं आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते आपल्या कायमस्वरूपी संग्रहात घेतलं. सुरुवातीचा वाचक किती, याला इथे काहीच महत्त्व नव्हतं. आठवडा चुकला नाही, याला होतं.

रोज लिहायचा संकल्प सोडून बसलेल्यांची संख्या मोठी असते. नोकरी, घर, लग्नकार्यं, आजारपणं सांभाळून रोज एक लेख ही गोष्ट फार थोड्यांना झेपते. आठवड्याला एक हा वेग बहुतेकांना पेलतो. वर्तमानपत्रांचे मुरलेले सदरलेखक आणखी एक खबरदारी घेतात: सदर सुरू व्हायच्या आधीच तीन-चार लेख हातात तयार ठेवतात. घरात पाहुणे आले, ताप आला, गावाला जावं लागलं, तरी सदर चुकत नाही. नेटवर लिहिणाऱ्यालाही ही शिल्लक लागतेच.

विषयाच्या बाबतीत मात्र जुन्या नियतकालिकांपेक्षा आजचं चित्र वेगळं आहे. पूर्वी मासिक घरी यायचं आणि वाचक त्यात असेल ते वाचायचा. आज बरेच वाचक शोधत येतात. रात्री अकरा वाजता कोणीतरी ‘वारस नोंद कशी करायची’ असं मोबाइलवर टाइप करतं, कारण वडील गेले आहेत आणि दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात जायचं आहे. त्या माणसाला ‘आयुष्य सुंदर आहे’ या विषयावरचा लेख नको असतो. त्याला कागदांची यादी हवी असते, सातबाऱ्यावरच्या रकान्यांचा अर्थ हवा असतो, आणि तो मराठीत हवा असतो. महसूल खात्यातून निवृत्त झालेला कर्मचारी, परिचारिका, पाटबंधाऱ्याचा अभियंता, मोटार दुरुस्त करणारा कारागीर, शाळेतली गणिताची बाई, यांच्याकडे अशा माहितीचे डोंगर आहेत. ती लिहून ठेवणारे कमी आहेत. मराठीत नेटवर विचारांची आणि आठवणींची वाण नाही. नेमक्या, कामाच्या, अनुभवाने तावून-सुलाखून निघालेल्या माहितीची आहे. म्हणून विषय जितका अरुंद, तितका तो लेख कोणाच्या तरी जास्त उपयोगी पडतो. शीर्षकही तसंच हवं. ‘एका कागदाची गोष्ट’ हे शीर्षक मासिकात शोभतं, पण शोधणाऱ्याला ते सापडत नाही. ‘सातबारा उतारा कसा वाचावा’ हे सापडतं.

पडद्यावर माणसं वाचतात कशी, याचा अभ्यासही झाला आहे. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९७ मध्ये केलेल्या पाहणीत ७९ टक्के लोक नव्या पानावरून नुसती नजर फिरवत होते. शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्केच होते. त्यामुळे मुख्य गोष्ट पहिल्या परिच्छेदात सांगणं, मध्ये उपशीर्षकं देणं, परिच्छेद आखूड ठेवणं या सवयी नेटवर रुजल्या. त्या योग्यच आहेत. पण त्यातून काहींनी निष्कर्ष काढला की लांब लेख कोणी वाचतच नाही, आणि प्रत्येक वाक्यानंतर नवी ओळ सुरू करायची पद्धत पडली. हे पटण्यासारखं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात लांबलचक वृत्तान्त असतात आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रसिद्ध होतात. तिथे माणसाचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो, तो काय कमावतो आणि काय खर्च करतो याचे आकडे असतात. नजर फिरवणारा वाचक अशा तपशिलापाशी थांबतो. मजकूर पातळ असला की दोनशे शब्दही त्याला जड जातात.

तपासणीचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत टाळलं जाणारं आहे. छापील नियतकालिकात उपसंपादक आणि मुद्रितशोधक अशा निदान दोन जोड्या डोळ्यांखालून मजकूर जायचा. एकट्याने लिहिणाऱ्याला यावर एक साधी रीत उपयोगी पडते: लेख पुरा झाला की त्यातल्या प्रत्येक नावाखाली, तारखेखाली, आकड्याखाली रेघ मारायची आणि प्रत्येक रेघ मूळ ठिकाणी जाऊन पडताळायची. आठवणीवर विसंबायचं नाही, आणि दुसऱ्या एखाद्या लेखात वाचलं म्हणून तर मुळीच नाही. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी कितीतरी वाक्यं त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नाहीत. ती एकाने दुसऱ्याच्या भरवशावर उचलली, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि आता ती लेखांतही छापली जातात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक विधानाला संदर्भ मागण्याचा दंडक आहे. तिथे काही महिने काम केलेल्या माणसाच्या स्वतःच्या लेखनातही फरक पडतो. ‘असं म्हणतात’ लिहिताना त्याचा हात थांबतो.

पण नेटवरच्या लेखनाचा सर्वांत मोठा धडा प्रसिद्धीनंतरचा आहे. छापील अंकावर तारीख असते. १९९५ चा अंक हातात घेणाऱ्याला आपण जुनं वाचतोय हे ठाऊक असतं. नेटवरचा वाचक थेट लेखाच्या मधोमध उतरतो. मुखपृष्ठ, अंक, वर्ष यांतलं काही त्याला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने तो लेख आजचा आहे. आणि गोष्टी बदलत असतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी ‘दर्जा कधी मिळणार’ असं विचारणारे ढीगभर लेख एका निर्णयाने जुने झाले, आणि त्यांतले पुष्कळसे आजही तसेच्या तसे उभे आहेत. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. वेरूळला किंवा तुळजापूरला कसं जायचं यावरचा चांगला लेख जुन्या नावांनिशी राहिला, तर नव्या नावाने शोधणाऱ्या मुलाला तो सापडणार नाही.

म्हणून जुन्या लेखांची फेरी मारणं हे नवा लेख लिहिण्याइतकंच खरं काम आहे. वर्षातून एकदा तरी प्रत्येक लेख उघडावा. चूक असेल तर ती गुपचूप पुसू नये; खाली तारीख घालून ‘अमुक दुरुस्ती केली’ असं लिहावं. वर्तमानपत्रं चूकभूल छापतात, त्याच प्रामाणिकपणाचा हा भाग आहे. लेखाच्या वरच्या बाजूला प्रसिद्धीची आणि शेवटच्या फेरफाराची अशा दोन्ही तारखा असल्या, तर वाचक स्वतः ठरवू शकतो की किती भरवसा ठेवायचा.

आकड्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण नेटवर लिहिणारे त्यापायी हैराण होतात. लेखाखाली दिसणारा ‘व्ह्यूज’चा आकडा पान किती वेळा उघडलं गेलं ते सांगतो. किती जणांनी शेवटपर्यंत वाचलं, किती जणांना उपयोग झाला, हे त्यातून कळत नाही. रोज त्या आकड्याकडे पाहणारा लेखक हळूहळू जास्त उघडल्या जाणाऱ्या विषयांकडे सरकतो, आणि वर्षभराने त्याचं लिहिणं इतर सगळ्यांसारखं झालेलं असतं. शिवाय तो आकडा त्याच्या हातात नसतोच. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला झुकतं माप द्यायचं ठरवलं आणि जगभरच्या प्रकाशनांकडे तिथून येणारे वाचक घटले. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली. सातारा-सोलापूरकडच्या खेड्यांतल्या मुलामुलींनी तिथे जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. त्या प्रेक्षकांचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर लेख जरूर टाकावा, पण मूळ लेख स्वतःच्या संकेतस्थळावर असावा आणि वाचकांच्या ई-मेल पत्त्यांची यादी स्वतःकडे असावी. दोनशे पत्ते असले तरी ते आपले असतात.

चोरीचा प्रश्न मराठीत फार बोचरा आहे. चांगला लेख दुसऱ्या दिवशी लेखकाच्या नावाशिवाय सोसायटीच्या ग्रुपवर फिरत परत त्याच्याच मोबाइलवर येतो. याबाबत कायदा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावरचा हक्क लिहिल्या क्षणीच मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. नाव कापून लेख पुढे पाठवणं ही मेहनतीची लूट आहे, कितीही कौतुकाने केलं तरी. लेखकाने आपल्या बाजूने लेखाच्या मजकुरातच नाव आणि मूळ पत्ता गुंफून ठेवावा. तरीही कापणारे कापतात, पण नुसत्या सवयीने कापणारे थोडे कमी होतात.

राहिलं जतन. गेल्या शतकाच्या शेवटी मराठी संकेतस्थळं निघाली तेव्हा प्रत्येकाचा फाँट वेगळा असे. संगणकाच्या लेखी ती अक्षरं रोमनच असत, फक्त फाँटमुळे देवनागरी दिसत. तो फाँट नसेल त्याच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटायची. देवनागरी १९९१ पासून युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत आहे, पण सामान्य माणसाच्या संगणकावर ती रुळायला २००० नंतरची वर्षं उजाडावी लागली. तोवरचं पुष्कळ मराठी लेखन आज वाचता येत नाही, बरंचसं उरलेलंही नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही मोफत संकेतस्थळं देणारी सेवा बंद केली आणि लोकांनी हौसेने उभारलेली लाखो पानं गेली. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

छापील अंकाच्या प्रती ग्रंथालयांत, घरांतल्या कपाटांत, रद्दीवाल्याकडे अशा अनेक ठिकाणी विखुरलेल्या असतात. एक गेली तरी दुसरी उरते. नेटवरचा लेख बहुधा एकाच ठिकाणी असतो. संकेतस्थळाचं वार्षिक शुल्क भरायचं राहिलं, कंपनी बंद पडली, लेखक वारला, की तो गेला. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ मध्ये स्थापन झालेली संस्था पानांच्या प्रती जपते आणि तिचं ‘वेबॅक मशीन’ २००१ पासून सर्वांना खुलं आहे. तिथे कोणत्याही पानाचा पत्ता टाकून ते जतन करता येतं. पैसे लागत नाहीत आणि एका लेखाला दोन मिनिटंही लागत नाहीत. नेमाने लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी लेखकाने आपले लेख तिथे नोंदवावेत, एक प्रत स्वतःच्या संगणकात ठेवावी, आणि संकेतस्थळाचा पासवर्ड घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवावा.