गौरव पाठमोरेच दिसते

निर्गमाच्या ३३व्या अध्यायात मोशे देवाकडे हट्ट धरतो, तुझे गौरव मला दाखव. मागणी निम्मीच पुरी होते. देव त्याला खडकाच्या कपारीत उभे करतो, जवळून जाईपर्यंत त्याच्यावर हात धरतो आणि मग तो हात काढून घेतो. मोशेला देवाची पाठ तेवढी दिसते. जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास चाळताना हा अध्याय सारखा आठवतो. घडत होते तेव्हा गौरव कुणालाच दिसले नाही. दिसली ती कोर्टकचेरी, वाळीत टाकणे आणि दुष्काळ.

सुरुवात मुंबईतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. वडील कोर्टात गेले आणि अल्पवयीन म्हणून त्याचा ताबा त्यांना मिळाला. मग प्रायश्चित्त देऊन पोराला जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत रण माजले. बाळशास्त्री जांभेकर परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, सनातनी मंडळी विरोधात. एका घराची अशी दोन शकले झाली. त्या घरातल्या माणसांना यात देवाचा हात दिसला असेल, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

पुढे पाळक झालेले शेषाद्री १८६०च्या दशकात जालन्याला आले. मुलूख निजामाचा. जालन्याकडच्या टेंभुर्णीवरून थोडे पुढे देऊळगाव राजाकडे सरकले की वऱ्हाड लागायचे आणि अंमल इंग्रजांचा. राज्य बदलले तरी गावाची रचना दोन्हीकडे तीच होती. गावकुसाबाहेर मांगवाडा, दोर वळायचे, हलगी वाजवायची, पाणी दुसऱ्याने ओतले तर प्यायचे. शेषाद्रींचे ऐकले ते मुख्यतः या वस्तीने. जन्माने ब्राह्मण असलेला माणूस आपल्या दारात बसतो, हाच तेव्हा मोठा धक्का होता.

बाप्तिस्मा झाला की गावात राहणे अवघड व्हायचे, म्हणून वेगळ्या वसाहतीची गरज होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारभारात जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल उभे राहिले. याकोब घरातून पळून निघालेला, उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपलेला असताना त्याला स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली. त्या जागेला त्याने दिलेले हे नाव. गावाबाहेर काढलेल्यांच्या वस्तीला याहून नेमके नाव कुठले मिळाले असते? तिथे शाळा झाली, प्रार्थनामंदिर झाले, आणि ज्यांच्या नावावर कधी वावर नव्हते ती माणसे शेती करू लागली. १८७३ मध्ये शेषाद्री न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत बोलले. १८९१ मध्ये परदेशातून परतताना वाटेतच, समुद्रावर, त्यांचे निधन झाले.

डोळ्यांना तेज दिसल्याची साक्ष महाराष्ट्रात आहे, पण ती केडगावची. १८९६-९७ आणि १९००च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून अनाथ मुली, विधवा मुक्ती सदनात आणल्या होत्या. जून १९०५च्या अखेरीस, एका पहाटे, प्रार्थना करणारी एक मुलगी ज्वाळांनी वेढलेली दिसली. दुसरी धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली आणि आता ओतणार, तोच तिच्या लक्षात आले की अंगाला आग लागलेलीच नाही. सदनातल्या मिनी अ‍ॅब्रम्स यांनी हे लिहून ठेवले आहे. मला यातली दुसरी मुलगी जवळची वाटते. समोर साक्षात गौरव आहे आणि हिला काळजी मैत्रीण भाजेल याची! दुष्काळातून उचललेल्या पोरीला दुसऱ्या पोरीचा एवढा कळवळा यावा, हेच त्या सदनाचे खरे काम होते. रमाबाई पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करत राहिल्या. सदनातल्या बायकामुलींनी त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते.

जालन्याकडे इतके उजेडाचे काही नोंदलेले नाही. इथे मिशनचे हॉस्पिटल आहे, शाळा आहेत आणि वाडीवस्तीवर विखुरलेली घरे आहेत. १९४८ मध्ये निजामी गेली. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या मातंगाला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर, म्हणजे तिच्या सवलतींबाहेर ठेवले, आणि ते आजही तसेच आहे. गावाच्या लेखी जात सुटत नाही, सरकारच्या लेखी ती उरत नाही. तरीही रविवारी उपासनेला बसणारा माणूस रोख हिशेबाने विश्वासात टिकलेला नसतो, एवढे तरी मान्य करायला हवे.

आता गौरव म्हटले की तरुणांच्या डोळ्यांपुढे मांडव, मोठे स्पीकर आणि चमत्काराचे फलक येतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. मोशेनेही दाखव म्हणूनच हट्ट धरला होता. पण जे मिळाले ते सरून गेल्यावर ओळखायचे असते, आणि त्यासाठी माग शाबूत लागतो. टेंभुर्णीपासून जालन्यापर्यंत ज्या घरी आजी-पणजीच्या बाप्तिस्म्याची हकीकत अजून सांगितली जाते, ती यंदा लिहून घ्यावी. पाळकांनी बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या जुन्या वह्या वाळवीच्या तोंडी पडण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत. भक्तीचे म्हणून एवढे काम या पिढीने केले, तरी पुढच्यांना साक्ष देताना गोष्टी उसन्या आणाव्या लागणार नाहीत.