सर्व्हर एक, पत्ते अनेक

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याच्या अधिकृत संकेतस्थळाचे बिऱ्हाड मात्र सामाईक आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या मंचावर ते देशातील इतर अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसोबत चालते. हे जमते, कारण आपल्याला कोणते संकेतस्थळ हवे आहे ते ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत कळवतो. १९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ ने तशी सक्तीच केली. सरकारी मंच ज्या तत्त्वावर उभा राहतो, ते तालुक्याच्या गावातील लहान संस्थेलाही परवडते. त्यातून पैसा वाचतोच, पण बाहेरच्या जगाला उघडी असलेली जागा एकच राहते आणि ती राखता येते, हा लाभ त्याहून मोठा.

समजा, याच जिल्ह्यातील रिसोडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला तीन प्रणाली चालवायच्या आहेत: सभासदांची खाती, सोयाबीन-तुरीच्या खरेदीची नोंद आणि रोजचे भाव. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे प्रत्येक प्रणाली तिच्या सगळ्या सामग्रीसह वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवता येते. अडचण अशी, की वेबवरची मागणी ८० किंवा ४४३ या पोर्टवर येते आणि सर्व्हरच्या एका पत्त्यावर ते पोर्ट साधारणपणे एकाच प्रोग्रामच्या ताब्यात असते. म्हणून तिन्हींच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवतात. सरकारी कचेरीतला आवक-जावक विभाग लिफाफ्यावरचे नाव वाचून टपाल त्या त्या टेबलाकडे धाडतो, तसेच तिचे काम. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुल्या केलेल्या एनजिनएक्समध्ये त्यासाठी मुख्यतः दोन ओळी लागतात: 'सर्व्हर_नेम'मध्ये संकेतस्थळाचा पत्ता, 'प्रॉक्सी_पास'मध्ये कंटेनरचे नाव आणि पोर्ट.

घोळ होतात ते या ओळींच्या आजूबाजूला. चाचणीच्या सोयीसाठी प्रत्येक कंटेनरचे पोर्ट बाहेर उघडले जाते. डॉकर फायरवॉलचे नियम स्वतः लिहितो, त्यामुळे 'यूएफडब्ल्यू' या लिनक्सवरील फायरवॉल-साधनाने बंद केलेले पोर्टही उघडे राहू शकते आणि डेटाबेस थेट इंटरनेटवर येतो. उपाय सोपा आहे. पोर्ट फक्त प्रॉक्सीचे उघडावे. बाकीचे कंटेनर डॉकरच्या खासगी नेटवर्कवर ठेवावेत, तिथे ते एकमेकांना नावाने सापडतात. यातही एक मेख आहे. साध्या मांडणीत एनजिनएक्स त्या नावाचा पत्ता सुरू होतानाच विचारून घेतो. कंटेनर नव्याने उभा राहून पत्ता बदलला, की पडद्यावर '५०२' ही त्रुटी झळकते. एनजिनएक्स रीलोड केला की पत्ता पुन्हा शोधला जातो. याउलट, सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची कटकट एकाच ठिकाणी उरते. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र ९० दिवस चालत आले आहे. प्रॉक्सीवर स्वयंचलित नूतनीकरण लावले, की तिन्ही पत्ते सांभाळले जातात.

यावर पहिला आक्षेप: प्रॉक्सी बंद पडली तर सगळेच बंद. खरे आहे, पण सर्व्हरच एक असेल तर तो धोका आधीपासून आहेच. शिवाय बदल लागू करण्यापूर्वी एनजिनएक्स त्याची फाइल तपासून देतो. दुसरा आक्षेप: २०१५ पासूनचा 'ट्रॅफिक' हा प्रॉक्सी प्रोग्राम कंटेनरवरची लेबले वाचून वाटा आपोआप आखतो, मग हाताने लिहायचे कशाला? रोज नवे कंटेनर येत-जात असतील तर तोच बरा. मात्र त्यासाठी त्याला सहसा डॉकरचे सॉकेट द्यावे लागते, आणि ते हाती असणे म्हणजे जवळजवळ सगळ्या सर्व्हरची किल्ली हाती असणे. वर्षात क्वचित बदलणाऱ्या तीन प्रणालींसाठी ही किंमत जास्त आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: एवढा उपद्व्याप लहान संस्थेने करावाच का? देखभालीला माणूस नसेल तर करू नये, तयार सेवा घ्यावी.

तरीही सेवा देणाऱ्याला जाब विचारण्यापुरती ही समज संस्थेकडे हवी. बाहेरून तपासल्यावर ८० आणि ४४३ खेरीज कोणती पोर्टे उघडी दिसतात, ती कोणासाठी आणि का, हे त्याने लेखी द्यावे. आणि ते सोयाबीनची आवक वाढण्याआधी मागून घ्यावे. ऐन हंगामात चालू खरेदी थांबवून दुरुस्ती करणे कोणालाच परवडत नाही.